कोतवालाची जरीब

निवृत्त झाल्यावर पहिल्या महिन्यात मी घरात एवढ्या सुधारणा केल्या की बायको रडकुंडीला आली. डाळींच्या डब्यांना चिठ्ठ्या लावल्या, सरपणाचा ढीग उंचीप्रमाणे लावला आणि शेवटी अंगण मोजून तुळशीवृंदावन दीड हात पूर्वेकडे हवं होतं असा निकाल दिला. त्या दिवशी ती म्हणाली, "अवो, तुमची कुठी बदली नाई होत काय आता?" रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी म्हणतात. माझ्या तुंबड्या भिंती संपवून माणसांपर्यंत आल्या होत्या.

मी पटवारी म्हणून लागलो आणि रेव्हेन्यू इन्स्पेक्टर म्हणून बाहेर पडलो. मधल्या काळात चांदा झालं, भंडारा झालं, बालाघाटचं जंगल झालं. शेवटच्या काही वर्षांत सरकारनं राज्यंच अशी बदलली की खातं न सोडता मी तीन राज्यांची नोकरी केली. वर्ध्याजवळ सिंदी मेघेच्या बाजूला चार खोल्या बांधून आम्ही राहायला आलो ते सत्तावन साली. ज्यांच्यामुळे आपण दोन अक्षरं आणि चार कामं शिकलो त्या सगळ्यांना आता भेटून घ्यायचं, असं मी ठरवलं. मी ठरवतो म्हणजे कागदावर ठरवतो. पांढरा कागद घेतला, समास सोडला, रेघ मारली आणि यादी केली. अकरा नावं झाली. त्यांतली पाच वारली होती हे चौकशी केल्यावर समजलं. चुलत्याच्या घरचे दोघं नागपूरला निघून गेले होते. उरलेल्या चारांत पहिलं नाव माझ्या पहिल्या वरिष्ठांचं होतं.

ते वर्ध्यातच राहत होते, ऐंशीच्या पुढचे, आरामखुर्चीत. त्यांनी मला नकाशावर शाई कशी फिरवायची आणि सरकारी कागद कसा लिहायचा हे शिकवलं होतं. मी पाया पडलो. त्यांनी मला ओळखलं नाही. मी गावाचं नाव सांगितलं तेव्हा मात्र एकदम खुर्चीत सरळ झाले.

"अरे, तो खुलासा लिहिणारा तू! तुझा तो खुलासा मी नंतर नव्या लोकांना वाचून दाखवायचो. तीन ओळींत मामला साफ. खुलासा असावा तर असा. तो तुझा कोतवाल, त्याला दहापर्यंत मोजता येत नव्हतं, होय ना?"

मी "होय" म्हणालो. आतून चहा आला होता, तो प्यालो. पस्तीस वर्षं नोकरी केली, नकाशांचे ढीग काढले, आणि माझ्या गुरूंच्या लक्षात काय राहिलं, तर मी लिहिलेलं एक खोटं. चहा फार गोड होता.

हा खुलासा काय होता ते आता सांगतो.

मी एकवीस वर्षांचा असताना अल्लीपूरच्या पलीकडे दोन कोसांवरच्या एका गावाचा पटवारी झालो. गावाचा नकाशा जुना झाला होता, तो नव्यानं मोजून काढायचा होता. मला मोजणी येत होती ती परीक्षेपुरती. शेत मोजायची लोखंडी साखळी, म्हणजे जरीब, मी हातात धरली तेव्हा ती माझ्याच पायात अडकली. गावचा कोतवाल समोर उभा होता. सरकारी दवंडी देणारा, कागदांचा बस्ता वाहणारा, साहेब आला की पुढं पळणारा माणूस. चाळिशीचा असेल. दोन मोजण्यांत त्यानं जरीब ओढली होती. तो हसला नाही. "साहेब, जरीब ओढाची नाई," म्हणाला, "चालवाची. तिले झटका देल्ला का थे रुसते."

मग पुढचे सहा महिने तो मला शिकवत होता आणि मी त्याला हुकूम देत होतो. पराटीच्या, म्हणजे कपाशीच्या, ओळींतून जरीब कशी न्यायची, उन्हाळ्यात काळ्या मातीला भेगा पडल्या की टोक कुठं टेकवायचं, समोर कोणतं झाड धरून चालायचं, हे सारं त्यानं दाखवलं. जरीब एकदा पसरली की तिच्या टोकाशी जमिनीत लोखंडी सुई खोवायची. अशा दहा सुया. मागचा माणूस त्या उचलत येतो, दहा झाल्या की एक फेरी पुरी, पुन्हा पहिल्यापासून. प्रत्येक फेरीला तो जवारीचा एक दाणा धोतराच्या सोग्यात बांधायचा. आणि रोज सकाळी काम सुरू करण्याआधी चावडीपुढं बरोबर एका जरिबेच्या अंतरावर पुरलेल्या दोन दगडांमध्ये जरीब ताणून बघायची, ही त्याची शिस्त. साखळीच्या कड्या ओढून ओढून उघडतात आणि साखळी लांब होते. "डोळ्याले नाई दिसत साहेब, बोटाले समजते," म्हणून तो शंभरच्या शंभर कड्या बोटांखालून सोडायचा.

दुपारी आम्ही बाभळीखाली बसायचो. मी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर. तो धुऱ्याच्या खाली. माझं पाणी माझ्या लोट्यात, त्याचं त्याच्या मडक्यात. त्याच्या हातून विद्या घेतली ती चालली, पाणी चाललं नाही. आम्ही बामण नव्हतो, पण त्याच्यापेक्षा वरचे होतो, एवढं आम्हाला पुरत होतं. तेव्हा मला त्यात काही चुकतंय असं वाटलंही नाही, हे लिहून ठेवतो, कारण आता सगळेच म्हणतात की आम्हाला तेव्हाही वाटत होतं.

एका सकाळी वरिष्ठ तपासणीला येणार होते आणि गावाची पूर्वेची शीव मोजायची बाकी होती. कोतवाल दोन दगडांपाशी जरीब घेऊन उभा. "साहेब, तपासून घ्या. मले एक कडी ढिली वाटते." मी म्हणालो, "चल, उशीर होते." तो पुन्हा म्हणाला. मी ओरडलो. आम्ही गेलो, सगळी शीव मोजली, आणि माझा नकाशा शेजारच्या गावाच्या नकाशाला काही केल्या जुळेना. जवळजवळ एका जरिबेचा फरक. संध्याकाळी मी एकटाच दगडांपाशी गेलो आणि जरीब ताणली. ती वीतभर लांब झाली होती.

वरिष्ठांनी लेखी खुलासा मागितला. नोकरी कच्ची होती, वडील अंथरुणावर होते. मी लिहिलं, "जरीब ओढणाऱ्या कोतवालाने सुया मोजण्यात हयगय केल्यामुळे फरक आला आहे. मोजणी पुन्हा करण्यात येईल. कोतवालास समज देण्यात आली आहे." तीन ओळी. वड्याचं तेल वांग्यावर. कोतवालकी राहिली पण त्याच्या हातातली जरीब काढली आणि शेजारच्या गावचा माणूस आणला. त्याला तर सुई कोणत्या हातात धरायची तेही ठाऊक नव्हतं. आमचा कोतवाल बस्ता डोक्यावर घेऊन मागून चालायचा आणि काही बोलायचा नाही. वर्षभरात माझी बदली झाली.

वरिष्ठांकडचा चहा पचवायला मी दुसऱ्या दिवशी मोटरीनं पवनारला गेलो. तिथं माझा शाळेपासूनचा मित्र राहतो, निवृत्त शिक्षक. धाम नदीच्या काठी त्यानं वांग्याची वाडी केली आहे आणि शाळा सुटल्यापासून तो पोरांऐवजी वांग्यांना रागावतो. मी त्याला सगळं सांगितलं. जगात आतापर्यंत कोणालाच सांगितलं नव्हतं. तो वांगी तोडत ऐकत होता.

"यादी आणली काय?" त्यानं विचारलं.

मी काढून दिली. त्यानं चष्मा लावून वाचली. "माह्यं नाव चौथं! बरं हाय. अन् जरीब धराले कोणं शिकवलं म्हणतं तुले?"

"कोतवालानं."

"मंग त्याचं नाव कुठी हाय याच्यात?"

"अरे, तो कोतवाल होता..."

"हव, म्हणूनच नाई टाकलं तू," तो म्हणाला आणि यादी मला परत दिली. मला राग आला. त्याचा आला, मग स्वतःचा आला, आणि स्वतःचा बराच वेळ राहिला.

"तो जिता तरी असन काय?" मी म्हणालो.

"हाय ना. त्याचा पोरगा त्याच गावात मास्तर हाय. शिक्षकाइच्या सभेत भेटते मले. लय शिस्तीचा मानूस." आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "परवा जाऊ. मी येतो संगं. तू एकटा गेला त रस्त्यातूनच वापस येशीन."

तो मला ओळखून आहे.

अल्लीपूरपर्यंत मोटर, पुढं पायी. कापसाचे दिवस होते, बैलबंड्या भरभरून हिंगणघाटकडे चालल्या होत्या आणि रस्त्याकडेच्या बाभळींना कापूस अडकलेला होता. मित्राच्या पिशवीत वांगी. मी सारखा काय बोलायचं ते मनात जुळवत होतो. त्यानं दोनदा विचारलं, "काय पुटपुटून राह्यला?" मी दोनदा "काही नाही" म्हणालो. मला भीती एकाच गोष्टीची होती. म्हातारा म्हणेल, "जाऊ द्या साहेब, जुनी गोष्ट." तसं म्हणाला असता तर मी सुटलो असतो आणि काहीच झालं नसतं.

त्यांच्या वस्तीतली घरं नव्यानं पोतारलेली होती. वर्षभरापूर्वी तिथल्या सगळ्यांनी नागपूरला जाऊन दीक्षा घेतली होती. म्हातारा अंगणात उन्हाला बाजेवर बसून अंबाडीची दोरी वळत होता. आम्ही वळणावर होतो तेव्हाच त्यानं हात थांबवला.

"पटवारी साहेब त नाई?" तो मोठ्यानं म्हणाला. "म्या मघाच पाह्यलं. पाय मोजत चालते कोनी तरी."

चालताना पावलं मोजायची सवयही त्यानंच लावली होती. मी जवळ गेलो. तोंडात 'तू' आला होता, तो गिळला. "बाबा," मी म्हणालो, "कसं हाय तुमचं?"

तो खदखदून हसला. दात एकही नव्हता. "तुमचं म्हनते! मोठाच झालो मंग मी."

त्याचा मुलगा बाहेर आला. पन्नाशीकडे झुकलेला, चष्मेवाला, इस्त्रीचा सदरा. माझ्या मित्राला त्यानं वाकून नमस्कार केला, मला नुसता हात जोडून. मी कोण हे त्याला माहीत होतं. आत कोनाड्यात देव नव्हते, तिथं बुद्धाची तसबीर होती. त्यानं दोन पेले पाणी आणलं आणि माझ्यापुढं पेला धरून थांबला. मी प्यालो. त्यात मोठेपणा काही नव्हता, तहान लागली होती आणि पस्तीस वर्षं उशीर झाला होता.

मग मी म्हाताऱ्याला सांगितलं. रस्त्यात जुळवलेलं एक वाक्यही आठवलं नाही. "बाबा, त्या दिवशी जरीब लांब झाल्ती. तुम्ही तपासा म्हणलं होतं, म्या नाई तपासली. मंग म्या खोटं लिवलं. तुमच्यावर ढकललं."

तो दोरी वळतच होता. "थे त मले मालूम हाय."

"मंग तवा काऊन नाई बोलले?"

"बोललो ना. सकाई बोललो," तो म्हणाला. "तुम्ही आयकलं नाई. संध्याकाई बोलून काय फायदा?"

पस्तीस वर्षं खुलासे मागणारा माणूस मी, आणि त्याच्या हातातल्या दोरीचे पीळ मोजत बसलो.

"मले कायले सांगता?" तो पुढं म्हणाला. "मले मालूम होतं. ज्याइले मालूम नाई त्याइले सांगा."

मुलगा उंबऱ्यात उभा होता. तो शाळेतल्या भाषेत, अगदी शांतपणे बोलला. "बाबांना गावात लोक काय म्हणत, तुम्हाला माहीत नसेल. तुमचा कागद चावडीत वाचला गेला होता. लग्नात बाबा पत्रावळी मोजायला बसले की कोणीतरी म्हणायचं, त्याला नका देऊ, त्याचे दहा म्हणजे नऊ. बंडीत पोती भरताना तेच. मी मास्तर झालो तेव्हा म्हणाले, बापाले दहा मोजता येत नव्हते अन् पोरगा पाढे शिकवते. बाबा म्हणायचे, म्या बरोबर मोजल्या. पण कागद तुमचा होता. लहान होतो तेव्हा मलाही कधी कधी वाटायचं, मोजायला चुकलेच असतील."

हे शेवटचं वाक्य तो बापाकडे न बघता बोलला. म्हाताऱ्याचे हात थांबले. मला लाज वाटली, इतकी की उठून जावंसं वाटलं, पण माझा मित्र माझ्या शेजारी बाजेवर असा बसला होता की उठायला जागा नव्हती.

"मास्तर," मी म्हणालो, "तुमच्या वडिलांनी बरोबर मोजलं होतं. चूक माझी होती."

त्यानं मान हलवली. पण म्हातारा म्हणाला, "तोंडी नाई. तवा लिवून देल्लं होतं ना? मंग आता बी लिवून द्या."

मुलगा म्हणाला, "बाबा, राहू द्या." म्हातारा म्हणाला, "तू चूप बस. कागदाले कागदच पायजे."

मुलानं शाळेच्या वहीचा कोरा कागद आणि दौत-टाक आणून दिले. मी पाट मांडीवर घेतला. लिहायला बसलो की माझा हात आपोआप चालतो, आणि चालला. समास सोडला. "कारणे लिहून देतो की, सदर मोजणीचे वेळी जरिबेत दोष निर्माण झालेला असल्याने व सदर दोष वेळीच निदर्शनास न आल्याने नकाशात फरक उद्भवला होता. त्याबाबत सुया मोजणाऱ्याची हयगय नव्हती." मुलानं वाचून दाखवलं. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही; मला तो कागद चांगला जमला असंच वाटत होतं.

म्हाताऱ्यानं नीट ऐकलं. "दोष झाला म्हनते. कोनाचा झाला थे काई नाई आलं त्याच्यात."

माझा मित्र मोठ्यानं हसला. मलाही हसू आलं आणि लगेच डोळ्यांत पाणी आलं. ज्याला अक्षर येत नव्हतं त्यानं माझ्या साऱ्या नोकरीची भाषा एका वाक्यात तपासली आणि तिच्यातली ढिली कडी काढून दाखवली. मी कागद फाडला. दुसरा मागितला. समास सोडला नाही.

"कोतवालानं मला सकाळी जरीब तपासा म्हणून दोनदा सांगितलं. मी तपासली नाही. उलट त्याच्यावर ओरडलो. जरीब वीतभर लांब झाली होती हे मला संध्याकाळीच समजलं होतं. तरी मी स्वतःला वाचवायला कोतवालाचं नाव लिहिलं. त्यांनी सुया बरोबर मोजल्या होत्या. मोजणी मला त्यांनीच शिकवली." खाली पूर्ण सही केली.

मुलानं तो मनातल्या मनात वाचला. चष्मा काढून पुसला आणि बापाच्या शेजारी बसून पुन्हा मोठ्यानं वाचला. वाचताना 'त्यांनी'वर तो जरा थांबला. शेजारच्या घरातली दोन माणसं अंगणात येऊन उभी राहिली होती. म्हाताऱ्यानं कागद हातात घेतला, उलटा धरला, बोटांनी सहीवरून चाचपला आणि परत दिला.

"आता जोरानं वाच," तो म्हणाला. "तुही माय मागं चुलीपाशी हाय."

मुलानं वाचलं, गावच्या शाळेत शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जावं तसं. म्हातारी पिठाच्या हातानं दारात आली. ठेंगणी, वाकलेली. तिनं माझ्याकडे पाहिलं, ओळखलं, आणि मुलाला म्हणाली, "त्याइले विचार. दहा होत्या ना?"

"दहाच होत्या, माय," मी म्हणालो.

तिनं हाताचं पीठ पदराला पुसलं. मग नवऱ्याकडे वळून रागानं म्हणाली, "अन् म्या बी एकडाव हासली होती हो तुमाले, त्या लग्नात. लोकाइच्या संगं."

"मालूम हाय मले," म्हातारा म्हणाला. "जाय, भाकर करप्ते."